दोन सूर्यांचा गाव

परवा रात्री मुलाच्या आग्रहाखातर ‘स्टार वॉर्स’ हा १९७७ सालचा चित्रपट मी पुन्हा पाहिला. विद्यार्थिदशेत तो प्रथम पाहिला, तेव्हा अंतराळयानांच्या चकमकींखेरीज फारसे काही माझ्या ध्यानात राहिले नव्हते. या खेपेस मात्र मन गुंतून राहिले ते टाटूईन नावाच्या एका रखरखीत ग्रहावर.

जॉर्ज लुकस याने कल्पिलेला हा ग्रह म्हणजे विश्वाच्या कडेचे एक आडगाव. जिकडे पाहावे तिकडे वाळू, मोडकी यंत्रे विकत हिंडणारे ठेंगू फेरीवाले, आणि आकाशात एक सोडून दोन सूर्य! एकाच सूर्याने आपण वैशाखात हैराण होतो. तेथील रहिवाशांची काय कथा? तेथील शेतकरी हवेतला ओलावा टिपून पाणी गोळा करतात. पाणी हेच त्यांचे पीक.

मौज अशी की, या दूरच्या ग्रहाची माती आपल्या पृथ्वीवरचीच आहे. १९७६ साली त्याचे चित्रण ट्युनिसियात झाले. नायकाच्या घराचा घुमट तेथील एका विस्तीर्ण खारवट मैदानात उभारला होता. अंगण मात्र मतमाता गावातल्या, जमिनीत खोदलेल्या बर्बर लोकांच्या घरांपैकी एकाचे. पुढे २०११ साली दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी हा खराखुरा ग्रहही शास्त्रज्ञांना सापडला. परंतु तो शनीएवढा थोरला आणि अतिशय थंड. तेथे पाय टेकावयासही जागा नसावी. कल्पनेतल्या ग्रहाला निदान घर आहे, अंगण आहे आणि जेवणासाठी वाट पाहणारी काकू आहे.

या घरातला ल्यूक नावाचा तरुण बाहेर पडावयास उतावीळ झालेला असतो. काका म्हणतात, एवढा हंगाम होऊ दे, मग जा. मुलगा उठून बाहेर जातो आणि दोन्ही सूर्य मावळताना पाहत उभा राहतो. विसाव्या वर्षी मला ते काका शुद्ध तुरुंगाधिकारी वाटले होते. या वेळी, मुलगा उठून गेल्यावर काकूंशी बोलताना त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसला. पोर बापाच्या वळणावर जाईल, ही धास्ती त्या नकारामागे होती. पिकाचे केवळ निमित्त!

आणि मी चपापलो. त्याच दिवशी सकाळी, परदेशच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या माझ्या मुलाला मी म्हणालो होतो, “एक वर्ष थांबलास तर काय बिघडेल? आईची प्रकृती जरा सुधारू दे.” त्याच्या आईने मात्र अशी मागणी मुळीच केली नव्हती.

टाटूईनवरच्या त्या मुलाला काकांची अनुमती अखेरपर्यंत मिळत नाही. शत्रूचे सैनिक काका-काकूंना ठार मारतात, घर जळते, आणि थांबावयास कोणी उरले नाही म्हणून तो निघतो. अशा जाण्यात निरोप कुठला आला?

चित्रपट संपल्यावर मुलाने विचारले, “बाबा, तुम्हाला कोण आवडलं?”

“काका,” मी म्हणालो.

तो हसला. “ते तर निम्म्या चित्रपटाच्या आतच मरतात!”

“म्हणून तर म्हणतो,” मी म्हणालो, “ते बँकेचे कागद आण पाहू. आत्ताच सही करतो.”