प्रमाण चुकलेलं नाही

मॉडेल विमानांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, "पंख लहान झालेत, प्रमाण चुकलंय." तक्त्यात तसा शेराही लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे वळले. बराच काळ लोटला, पण ते वाक्य अजून खुपतं.

टेबलावर माझं नॅट या लढाऊ विमानाचं मॉडेल होतं, १:७२ प्रमाणातलं. १९६५च्या युद्धातलं, रंग न दिलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमचं. पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडलेलं हे नॅट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो इतिहास पुन्हा सांगत नाही. शेजारी कुणीतरी बनवलेलं ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाचं नॅट होतं, लालभडक. परीक्षकांनी दोन्हींकडे पाहिलं, माझं लहान दिसलं, निकाल लागला.

अहो, ती दोन वेगळी विमानं आहेत! रेड ॲरोजचं नॅट दोन आसनांचं, प्रशिक्षणासाठी बनवलेलं. अंगाने लांब, शेपूट मोठं, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ७.३२ मीटर. आपलं एका वैमानिकाचं लढाऊ नॅट ६.७३ मीटर. त्याला बहात्तरने भागलं की साडेनऊ सेंटिमीटरलाही किंचित कमी भरतं. माझं मॉडेल नेमकं तेवढंच होतं. मी फूटपट्टी पुढे केली, तर "असू द्या, असू द्या" म्हणाले. चूक काढणाऱ्याने निदान मोजून बघू नये? लहान असणं हीच तर या विमानाची ताकद. पेटर या अभियंत्याने ते मुद्दाम हलकं आणि स्वस्त आखलं, एका ऑर्फियस इंजिनावर उडणारं. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात त्याच्या शेजारी उभं राहिलं की पटतं. शेपटाचं टोकसुद्धा जमिनीपासून अडीच मीटरच्या आत. शत्रूला ते लवकर नजरेसच पडायचं नाही.

आणि ते लहान विमान बनवायला किती खटाटोप! लाल नॅटचं किट सहज मिळतं, लढाऊ नॅटचं शोधावं लागतं. मला मिळालं त्यात पंख बसवायला खुंट्याच नव्हत्या. पितळी तारेचे तुकडे घालून जोडले. नाकात शिशाचे छर्रे भरले, नाहीतर मॉडेल शेपटावर बसतं. ॲल्युमिनियमची झळाळी आणायला आधी खाली चकचकीत काळा रंग मारावा लागतो आणि त्यावर केसाएवढा ओरखडाही लपत नाही. पुट्टी, घासणं, काळा रंग, परत घासणं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी चंदेरी विमान हाती घेऊच नये. हिरवा-करडा कॅमोफ्लाज बरंच सांभाळून घेतो. आणि आयोजकांनी प्रत्येक मॉडेलजवळ मूळ विमानाच्या मापांचं कार्ड ठेवणं सक्तीचं करावं. परीक्षकांनी ते वाचणंही.

ज्या नॅटमधून निर्मलजित सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना झेपावले, हवाई दलाला त्याचं एकमेव परमवीर चक्र ज्या लढाईने दिलं, ते नॅट आपल्याच प्रदर्शनात "चुकीचं" ठरावं! त्या दिवशी वाटलं, ती लाल किटं बाजारातून हद्दपार व्हावीत.

पण शाळेत असताना मी पहिल्यांदा चिकटवलेलं विमान तेच लाल नॅट होतं. ते दिसतंही देखणं, हे मान्य करायला हवं. परवा भाच्याने नॅट मागितलं, तर त्याला लालच आणून दिलं. त्याच्या वयाला तेच बरं. त्या किटला खुंट्या आहेत, पंख आपोआप जागेवर बसतात.