बापाच्या काळचा दर्या

चि. बाळ्या,



"बापानं नाही शिकवलं तर कोण शिकवणार, आत्या?" असं तू परवा फोनवर म्हणालास आणि मला पुढे बोलताच येईना. म्हणून लिहिते आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की पोराला बोटीवर घ्यायचं, हे तू ठरवूनही टाकलंस. त्याच्या आईला विचारलंस का? नसशील तर आधी विचार, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझा प्रश्न खोटा नाही. डोलीच्या जाळ्याचं काम पुस्तकातून येत नाही. भांगाला पाण्याला फारशी ओढ नसते, पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला तेच पाणी बोंबील-जवळा घेऊन डोलीत शिरतं, आणि पाणी थांबून वळायच्या वेळी डोल उचलायची असते. दादानं, तुझ्या बापानं, हे तुला बसवून सांगितलं नाही. तो पाण्याकडे बघायचा आणि तू त्याच्याकडे. जन्मभर शाळेत शिकवलेली मी सांगते, अशी शिकवण शाळेला जमणारी नाही.

पण बाप शिकवतो तो धोका बापाच्या काळचा असतो, हे माझं म्हणणं नीट ऐक. आज्यानं दादाला वारा शिकवला, कारण आज्याची होडी शिडावर चालायची. दादाच्या हाती इंजिन आलं. पंख्यात जाळं गुंतलं तर काय करायचं, हे आज्याला कुठून ठाऊक असणार? ते दादा स्वतः शिकला, आणि त्याची काय किंमत पडली ते तुला सांगायला नको. आता तुझ्या बोटीवर विंच आहे, मासळीचा बंद खण आहे. खणात मासळी कुजली की विषारी वायू साठतो, आणि तो फार झाला की नाकाला वाससुद्धा लागत नाही. आत उतरलेला खलाशी कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. दादानं तुला हे शिकवलं नाही, कारण त्याच्या होडीला असा खण नव्हताच. मग तू पोराला काय सांगणार आहेस?

दर्या तरी तोच राहिलाय का? पावसाळा सरला की दर्या निवतो, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या किती बोटी त्याच भरवशावर बाहेर होत्या! अरबी समुद्र तापतो आहे, आणि त्यानं वादळांना बळ मिळतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेनं काय केलं ते तू पाहिलंस. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज रोज मोबाइलवर येतो, तरी तू आभाळ बघून निघतोस. आभाळ बघच, पण तो अंदाजही वाच, आणि पोराकडून मोठ्यानं वाचून घे.

पोर तुझं बोलणं उचलणार नाही, तुझ्या सवयी उचलेल. लाइफ जॅकेट तुझ्या बोटीवर फळीखाली तपासणीपुरतं पडलेलं असतं. दादा घालत नव्हता म्हणून तू घालत नाहीस, आणि तुला बघून तोही घालणार नाही. नांगर सुटत असताना दोराच्या वेटोळ्यातून तू सहज पाय टाकून जातोस. उद्या तोही जाईल. सवय वारशानं मिळते रे, तिच्यासोबत बापाचं नशीब मिळत नाही.

आणि तो अजून आठवीत आहे! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००७ च्या मासेमारी करारात बोटीवर कामाला किमान वय साधारण १६ धरलं आहे, आणि अठराच्या आतल्यांना सहसा रात्रपाळी नको म्हटलं आहे. डोल तर भरती-ओहोटीचं ऐकते, रात्र-दिवस बघत नाही. रात्री काळोखात माणूस पाण्यात पडला की हाक ऐकू येईपर्यंत ओढ त्याला कुठल्या कुठे नेते. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

त्याला शिकवू नकोस असं मी म्हणत नाही. बंदरावर बसून जाळं विणायला शिकव, इंजिन खोलायला शिकव, उधाण-भांगाचा हिशेब तिथीवरून करायला लाव. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर पाठ करून घे. दहावी होऊ दे, वयानं मोठा होऊ दे, मग घे बोटीवर. पण त्या दिवसाची वाट न बघता उद्यापासून जॅकेट तू घाल, पोराच्या देखत.

तुझी,
आत्या