रिकाम्या बाटलीचा भाव

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

गोव्यातल्या वाळपईचे फेणीवाले गिऱ्हाईक कोकणकन्येने ठाण्याला उतरले, तिथून धीमी लोकल पकडून कांजूरमार्गला आले. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचे पत्रे लागलेले, त्यामुळे स्टेशनपासून आमच्या झाकणा-बुचांच्या गाळ्यापर्यंत चालतच यावं लागतं. घामाघूम होऊन बसले आणि चहा यायच्या आत पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर त्यांचंच लेबल, तोच काजूच्या बोंडाचा लाल-पिवळा छाप. म्हणाले, "यातली एक आमची नव्हे. ओळखा."

ओळखता आली नाही. झाकण उघडल्यावर मात्र नाकाने सांगितलं. एकीत बोंडाचा तो उग्र, जरासा आंबूस वास. दुसरीत कसलासा एसेन्स घातलेलं स्पिरिट.

काजूची बोंडं पिळायची, रस आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या गाळपाची ती हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी, साधारण ४२ टक्के अल्कोहोलची. हे सगळं फेब्रुवारी ते मे एवढ्यातच उरकावं लागतं, बोंडं काही कोणासाठी थांबत नाहीत. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हटलं. भाव वाढला तसे नकली भरणारेही वाढले. खऱ्या फेणीला हंगाम असतो, खोटीला बारा महिने.

मागणी एका वाक्याची: आमची रिकामी बाटली परत कोणाला भरता येऊ नये.

मी त्यांना आधी एक फरक सांगितला. अॅल्युमिनियमचं पिल्फर-प्रूफ झाकण, ज्याची खालची कडी पहिल्या पिळाला तुटते, ते फक्त बाटली उघडली गेली एवढंच सांगतं. भरू देत नाही ते वेगळं. त्याला मानेत व्हॉल्व्ह बसवावा लागतो. इटलीतल्या अलेस्सांद्रियाच्या गुआला कंपनीचा धंदाच तो. १९५४ पासूनची कंपनी, गोव्यातही आहे, आणि आपल्याकडे कुठल्याही गोटीवाल्या झाकणाला लोक सरसकट 'गुआला'च म्हणतात. "ते ठाऊक आहे हो," पाहुणे म्हणाले, "पण ते लाखांत बोलतात, आम्ही हजारांत भरतो."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. ड्राय डे. गाळ्यात टेबलावर फेणी, बाहेर वाइन शॉपचं शटर खाली. वॉचमन दोनदा कारण नसताना डोकावून गेला.

दिवसभर कागदावर रेघोट्या. या कामातली खरी गोम दारूत नाही, हवेत आहे. बाटली तिरकी केली, दारू बाहेर आली, की आत तेवढी पोकळी होते. तिथे बाहेरची हवा शिरली नाही तर धार अडते. म्हणून साध्या बाटलीतून ओतताना गटगट आवाज येतो: एक घोट बाहेर, एक बुडबुडा आत. म्हणजे ओतता येणारं कोणतंही बूच हवेला आत यायची वाट ठेवतंच. ठेवावीच लागते. आणि हवा जिथून येते तिथून पाणी का येणार नाही? भरणाऱ्याचा सगळा भरवसा त्या वाटेवर असतो.

त्यावरचा जुना तोडगा म्हणजे गोटी. बाटली उभी असताना गोटी भोकावर बसते, वरून ओतलेलं आत जात नाही. तिरकी केली की गोटी बाजूला घरंगळते, दारू बाहेर, हवा आत. आपल्या गोटी सोड्यात नेमकं उलटं आहे. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेल्या त्या बाटलीत गॅसचा दाब आतून गोटीला वर रेटतो आणि ती मानेतल्या रबरी कडीवर घट्ट बसते. ती बाटली पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच जन्माला आली. तीच काचेची गोटी, तीच मान. एक भरू देते, दुसरीने भरू द्यायचं नाही.

गोटीभोवती आडव्यातिडव्या भिंती घालायच्या, वाट वळणावळणाची करायची, तार आत सरकू नये इतकी. पण जितकी वळणं जास्त तितकी धार बारीक. बारवाल्याला ३० मिलिलिटरचा पेग ओतायला ताटकळावं लागलं तर तो चाकूने बूचच उपटून टाकेल, आणि मग आमची सगळी हुशारी केराच्या टोपलीत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पूर्वेला, डंपिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. मुंबईच्या कचऱ्याचा मोठा वाटा रोज कांजूरलाच येऊन पडतो. वारा फिरला की पलीकडच्या कन्नमवार नगरातही खिडक्या लावून घेतात. मला वाटत होतं, बाटल्यांचा शेवटही इथेच होत असणार.

"डंपिंग में काच का चुरा जाता है साहब, बाटली नहीं जाती." एवढं बोलून त्याने मला मागे नेलं.

मागे पोती नव्हती, फळ्या होत्या. बिअरच्या बाटल्या गोणपाटात, एक-दोन रुपयांच्या. त्या कारखान्यात परत जातात, धुऊन पुन्हा भरल्या जातात, आणि ते रीतसर आहे. व्हिस्कीच्या साध्या बाटल्या वेगळ्या. आणि फळीवर, पेपरात गुंडाळून, विलायती स्कॉचच्या. एकेक उचलून त्याने दाखवली: लेबलला ओरखडा नाही, झाकण आहे, झाकणाला पोचा नाही. अशीचा भाव बिअरच्या बाटलीच्या कितीतरी पट. खोकं असेल तर आणखी. झाकण नसेल तर निम्म्यावर. कोण घेतं, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. "थर्टी फर्स्ट आ रहा है," एवढंच म्हणाला.

बाटली नुसती भरायला अवघड करून भागणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. चार पैसे मिळणार असतील तर अवघड काम करणारे हात या शहरात भरपूर आहेत. मोडायचा आहे तो त्या फळीवरचा भाव. झाकणासकट जो भाव येतो त्यातलं झाकण आम्ही काढून घेऊ शकतो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

गुरू नानक जयंती. गाळा बंद, घरीच वाचत बसलो. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली. नंतर १९३५ ते १९६४ पर्यंत तिथल्या दारूच्या बाटल्यांच्या काचेतच अक्षरं ओतलेली असायची, की ही बाटली पुन्हा विकणं किंवा वापरणं कायद्याने मना आहे. बुचाचं नाव नाही, थेट काचेलाच हात. तिथल्या शोधकांनी 'न भरता येणारी बाटली' या एका विषयावर किती पेटंटं काढली असतील! गोट्या, स्प्रिंगा, झडपा, बुडणारे आणि तरंगणारे बोळे. त्यातलं बहुतेक सगळं कागदावर राहिलं, कारण बाटलीपेक्षा बूच महाग झालं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आमचे साचे करणाऱ्या मिस्त्रींचं म्हणणं, काचेची गोटी कशाला, प्लॅस्टिकची ओतू, स्वस्त पडेल. वाद घालण्याऐवजी दोन ग्लासांत फेणी घेतली. एकात पॉलिप्रॉपिलिनची गोटी टाकली, दुसऱ्यात काचेची. पहिली वर तरंगली, दुसरी टक् करून तळाला.

४२ टक्क्यांची दारू पाण्यापेक्षा हलकी, घनता साधारण ०.९५. पॉलिप्रॉपिलिन ०.९० च्या आसपास, पॉलिथिलीनही तिथेच घुटमळतं. गोटी तरंगली की वरून ओतणाऱ्याला दार उघडंच. काचेची घनता अडीच, ती जागा सोडत नाही. मिस्त्रींनी ग्लासात बोट बुडवून तरंगती गोटी दोनदा खाली दाबली, ती दोनदा वर आली. "मग काचेचीच," म्हणाले, आणि ग्लासाकडे बघत राहिले. आज संध्याकाळी सहापासून निवडणुकीचा ड्राय डे. ग्लास मी आत ठेवला.

बुधवार, २० नोव्हेंबर

सकाळी मतदान. दुपारी मेव्हणा जेवायला आला, नुकताच लंडनहून परतलाय. येताना तिथल्या दुकानातून घेतलेली स्कॉच घेऊन आला. ड्राय डे दुकानांना, घराला नाही, असं त्याचं म्हणणं. झाकण पिळलं आणि धार सरळ ग्लासात. शेजारचे काका आले होते, त्यांनी लगेच भुवया उंचावल्या. "गोळी नाही यात? मग डुप्लिकेट दिसतेय."

मेव्हणा बिचारा बिलं दाखवायला उठला. मला हसू आवरेना. तोच ब्रँड तिथल्या दुकानात उघड्या मानेचा मिळतो, आपल्याकडे येतो तेव्हा मानेत गोटीवालं बूच बसवून येतो. कंपनीला कुठे किती धास्ती आहे ते बुचावरून कळतं. पण काकांच्या हिशोबी गोटी म्हणजेच अस्सलपणा. आणि भंगारातली बाटली भरणारा गोटी जागेवर ठेवूनच भरतो. म्हणजे काकांना हवी ती खात्री तो आधी पुरवतो.

खोटी बाटली कशी दिसते ते गिऱ्हाइकाला कधीच शिकवता येणार नाही. न उघडलेली कशी दिसते, एवढं मात्र एका नजरेत कळायला हवं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

निकालाचा दिवस, टीव्हीसमोरून कोणी हलेना. वहिनी नर्स आहेत, त्यांना इंजेक्शनची कुपी मागितली होती, ती त्यांनी आणून दिली. रबरी बूच, त्यावर अॅल्युमिनियमची टोपी घट्ट वळवलेली, वर रंगीत प्लॅस्टिकचं बटण. बटण अंगठ्याने उडवलं की परत बसत नाही. किती साधं! सुईला वाट करून दिली आणि स्वतः मेलं.

वहिनी म्हणाल्या, "पण बटण बघतं कोण? पेशंट दंड पुढे करून दुसरीकडे बघत असतो." २०२१ ची आठवण निघाली. कांदिवलीच्या एका सोसायटीत बोगस लसीकरण झालं होतं. मुंबईत दोन हजारांवर लोक असे फसले, असं सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. लसीच्या नावाखाली सलाईनचं पाणी टोचलं असावं, असा पोलिसांचा संशय होता. म्हणून वापरलेली कुपी शाबूत बाहेर जाता कामा नये, यावर वहिनींचा कटाक्ष असतो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

थ्रीडी प्रिंटरवर काढलेले नमुने दिसायला देखणे, कामाला शून्य. मानेत दाबले की तडकतात. बुचाच्या ओठाला खाचेत बसताना लवायला हवं, बसल्यावर हटायला नको. ते प्रिंटरच्या रेझिनला जमत नाही, खरं एलडीपीई प्लॅस्टिकच लागतं. म्हणून मिस्त्रींनी एका कॅव्हिटीचा, एका वेळी एकच बूच निघेल असा, नमुना साचा केला. पहिल्या शॉटला कडेने फ्लॅश, म्हणजे जादा प्लॅस्टिकची झालर, नंतर प्रेशर कमी केल्यावर साफ.

रचना अशी ठरली आहे. मानेत गोटीचं बूच, भिंती दोनच, धार मोकळी. त्यावर पुन्हा लावता येणारं आतलं झाकण, लाल. आणि सगळ्यावर बाहेरचा काळा कोष, ज्याला उभी कमकुवत रेघ आहे. पहिल्या पिळाला कोष उभा चिरतो, गळून पडतो, आतला लाल रंग उघडा पडतो. बाटली पुढे वापरा, झाकण लावा-काढा, काही अडत नाही. पण एकदा लाल दिसली की ती काळी होत नाही. फळीवर ठेवायला झाकण आहे, पण ते उघडलेल्याचं झाकण आहे.

कटकट काचेची आहे. बाटलीची मान बाहेरून साच्यात घडते, आतून हवेने फुगते. बाहेरचं माप चोख, आतलं दर बाटलीला थोडं वेगळं. एकीत बूच ठाम, दुसरीत बोटाने निघतं. विक्रोळीच्या व्हिट्रम ग्लाससारखे औषधांच्या तपकिरी बाटल्या करणारे कारखाने हे माप सांभाळतात, पण तशी बाटली घ्यायची तर आधी बाटल्यांचा पुरवठा एकसारखा हवा.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पाहुणे पुन्हा आले. नमुना बघून खूश. काळा कोष चिरून लाल दिसताच स्वतःशीच हसले, मग चार-पाच बाटल्या उगाचच उघडल्या. येताना भरायला म्हणून खोकाभर रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. बूच दोनांत बसलं, तिसरीत सैल, चौथीत शिरेचना. बाटल्या हातात घेऊन फिरवल्या. तळाला वेगवेगळ्या कारखान्यांचे छाप, काहींवर जुन्या लेबलचा डिंक.

"या कुठून घेता?"

"म्हापशाला एक भंगारवाला आहे. धुऊन देतो. नवी काच परवडत नाही हो."

गोव्यात लहान भट्टीवाले बरेच जण असंच भरतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मग नकली भरणारा आणि ते एकाच माणसाकडून बाटली घेतात. मी ते तसंच बोलून दाखवलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबाकडे बघत बसले. मग विचारलं, "नवी काच किती पडेल?"

दुपारी जेवताना विक्रोळीचा विषय निघाला. या डिसेंबरात २० वर्षं होतील. २००४ च्या डिसेंबरात इथून एका स्टेशनावर विषारी हातभट्टीने ८७ माणसं गेली. पाहुण्यांनी विचारलं, अशा वेळी तुमचं बूच काय करणार? काहीच नाही. त्या दारूला ना बाटली, ना झाकण. आमचं सगळं काम बाटली विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी आहे.

मंगळवार, ३ डिसेंबर

फोन आला. त्यांनी हिशोब मांडलाय: नवी काच, तळाला काजूचा छाप ओतलेला, मानेचं माप आमच्या बुचाला धरून. वाढलेला खर्च काढायला रिकामी बाटली परत आणणाऱ्याला दुकानात पैसे द्यायचे, भंगारवाल्यापेक्षा जास्त. आलेली बाटली धुऊन तेच पुन्हा भरणार, नव्या काळ्या कोषासकट. एलडीपीईचं बूच धुण्याआधी उपटायला एक साधा चिमटा लागेल. तो करायला मिस्त्री तयार आहेत, फक्त तो बाजारात मिळता कामा नये, असं मी म्हटलं. त्यावर मिस्त्रींचं उत्तर, की महिनाभरात मिळेल. म्हणून चिमटा बाद. उपटताना बूच तुटलंच पाहिजे, त्याचे तुकडे मोजून आम्हाला परत पाठवायचे आणि तेवढीच नवी बुचं न्यायची.

चार कॅव्हिटीच्या साच्याचं कोटेशन संध्याकाळी पाठवलं. अॅडव्हान्स आल्याशिवाय स्टील कापायचं नाही, असं मिस्त्रींना बजावून ठेवलंय. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो.