झिर्कोनियमराव

झिर्कोनियमरावांचा मोठा गुण म्हणजे ते न्यूट्रॉनच्या वाटेला जात नाहीत. ३०० अंश सेल्सिअसच्या कढत पाण्यात वर्षानुवर्षे उभे राहायचे, नळी होऊन पोटात युरेनियम सांभाळायचे आणि न्यूट्रॉनची ये-जा अडवायची नाही, ही अणुभट्टीतली नोकरी झेपणारे धातू फार नाहीत. आधी मात्र त्यांची हाफ्नियमशी फारकत करावी लागते. दिसा-वागायला हुबेहूब तसाच, पण न्यूट्रॉन अधाशासारखे गिळणारा भाऊ तो!

रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथला रावांचा सुगावा १७८९ सालीच लागला होता. तरी शुद्ध, वाकवता येणारा धातू व्हान आर्केल आणि द बुर यांच्या हाती आला तो १९२५ साली. तोवर राव ठिसूळ म्हणून बदनाम. दोष होता आतल्या भेसळीचा.

अणूंची बैठक एरवी षटकोनी. सुमारे ८६३ अंशांना ती मोडते आणि घनाकृती मांडली जाते. त्यासाठी परका अणू लागत नाही, नुसती उष्णता पुरते. हायड्रोजन सोबतीला असला, तर ही नवी बैठक साडेपाचशे अंशांच्या आसपासच जमू लागते. आणि हायड्रोजनला नाही म्हणणे रावांच्या स्वभावातच नाही. पाण्याने धातू गंजतो, त्यातून सुटलेला थोडा हायड्रोजन आत मुरतो. गरम असताना तो विरघळून गुण्यागोविंदाने राहतो. भट्टी थंडावली, की उन्हाळ्यात अंगणात झोपणारे पाहुणे पावसाळ्यात एका खोलीत कोंबावेत तशी गत होते. मग तो धातूशीच संधान बांधून हायड्राइडच्या पातळ चकत्या करतो. त्या जागा जास्त अडवतात आणि ताण आला की तडकतात.

शिवाय हायड्रोजनला गारव्याची ओढ. नळीचा जो भाग थंड, तिकडे तो सरकतो. कॅनडातल्या पिकरिंग अणुवीज केंद्रात १ ऑगस्ट १९८३ रोजी हेच भोवले. आतल्या-बाहेरच्या नळ्यांत अंतर राखणाऱ्या स्प्रिंगा जागच्या हलल्या होत्या, गरम नळी वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली, टेकल्या जागी हायड्राइडचे फोड आले आणि नळी सुमारे दोन मीटर लांब फाटली. यात मी रावांपेक्षा स्प्रिंगांना जास्त बोल लावीन.

तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांत अशा प्रत्येकी ३९२ नळ्या आहेत. त्यांच्या धातूत अडीच टक्के नायोबियम असते, त्यामुळे हायड्रोजन कमी शिरतो. शिरायचा थांबत नाही. म्हणून भट्टी बंद असताना नळीच्या आतून बारीक कीस खरवडून काढतात आणि त्यातला हायड्रोजन मोजतात. त्यासाठीचे हत्यार भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवले आहे.