दादर-माटुंग्याच्या वसाहतींतून

मुंबईस जाणारा मराठी माणूस दादरला उतरला म्हणजे बहुधा पश्चिमेस वळतो. बाजार तिकडे, फुलें तिकडे, समुद्रही तिकडेच. आम्ही या खेपेस मुद्दाम पूर्वेस उतरलों आणि खोदादाद सर्कल ओलांडून हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, पांच बागा व माटुंगा असा सावकाश फेरफटका केला. तेथें पाहण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. किल्ला नाहीं, लेणें नाहीं, नवसाला पावणारें प्रसिद्ध दैवत नाहीं. आहेत तीं नुसतीं राहतीं घरें. परंतु जेथें वीतभर जागेवर मजल्यावर मजला चढतो अशा शहरांत दोन-तीन मजल्यांचीं घरें झाडांच्या उंचीशीं उंची राखून इतकीं वर्षें उभीं कशीं राहिलीं, हें खासच पाहण्यासारखें आहे.

पारशी कॉलनींत शिरतांना प्रथम लक्षांत येतें तें हें कीं, या वसाहतीस कोट नाहीं. मुंबईंतील इतर पारशी बागांना बहुधा भिंत व दरवाजा असतो. येथें रस्ता सरळ आंत जातो. मंचरजी एदलजी जोशी या पारशी इंजिनियरांनीं सरकारदरबारीं खटपट करून येथील १०३ भूखंड बेताच्या स्थितींतील ज्ञातिबांधवांसाठीं राखून घेतले. (आडनांव ऐकून आमच्याबरोबरच्या मुलांनीं त्यांस तत्काळ कोंकणस्थ ठरवून टाकलें होतें!) गृहस्थ मोठे योजक. घरांच्या आधीं त्यांनीं झाडें लावविलीं, आणि तींही हातीं लागतील तीं नव्हेत: जामे जमशेद रस्त्यावर अशोक, तर फिर्दोसी रस्त्यावर महोगनी. भर दुपारीं आम्ही या रस्त्यांवरून छत्री न उघडतां चाललों. पांच बागांना आतां त्यांचेंच नांव आहे, आणि वसाहतींत त्यांचा पुतळाही आहे.

तथापि हें सारें एकट्या जोश्यांचें कर्तृत्व नव्हे. त्याचें मूळ १८९६ च्या प्लेगांत आहे. जुन्या शहरांतील अंधाऱ्या, कोंदट चाळींतून माणसें पटापट मरूं लागलीं तेव्हां कोठें राज्यकर्त्यांचे डोळे उघडले, आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें शहराच्या उत्तरेकडील शेतें, वाड्या व सखल जमिनी ताब्यांत घेऊन तेथें नव्या वसाहती आंखल्या. जमीन कायमची विकून न टाकतां ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें दिली, आणि बांधकामाच्या अटी त्या पट्ट्यांतच घालून ठेविल्या. पट्टा घेणारास त्या मान्य करण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं ज्याचा आग्रह धरिला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम तर मोठा मौजेचा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरपी रेषा वर काढावी. समोरच्या इमारतीचें डोकें त्या रेषेच्या वर येतां कामा नये. भूमिति विसरलेल्यांसाठीं सोपें करून सांगावयाचें तर, समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. अंतर वीस फूट, तर उंची फार तर चाळीस फूट. एवढें संभाळलें कीं तळमजल्यावर पोळ्या लाटणाऱ्या बाईलाही आकाशाचा तुकडा दिसतो. प्लेगानें शिकविलेला धडा एका कोनांत बसवून दाखविणाऱ्या या इंग्रज अधिकाऱ्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

घरांच्या आंतही क्रांति झाली. चाळींत नळ व शौचकूप सामाईक, घराबाहेर. या नव्या 'ब्लॉकां'त दोन्ही घरांत आलीं. शौचकूप स्वयंपाकघरापासून चार पावलांवर असावा, ही गोष्ट सोंवळें पाळणाऱ्या आमच्या आज्यांना सहजासहजीं रुचण्यासारखी नव्हती. पुढें तीच सोय सर्वांना हवीशी झाली. हिंदु कॉलनींत आमचीं मराठी कुटुंबें, माटुंग्यास दक्षिणेकडील ब्राह्मण, त्यांची शाळा, त्यांची कॉफी, अशी ही वस्ती भरत गेली. १९२३ मध्यें व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्था येथें आली, १९३७ मध्यें रुइया कॉलेज निघालें.

मग बिनसलें कोठें? १९३३ सालीं ट्रस्ट महापालिकेंत विलीन झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठलीं. भाडेकरू वांचला, पण मालकाला गिलावा करण्यापुरतेंही उत्पन्न उरेना. इमारती म्हाताऱ्या झाल्या. १९९१ च्या विकासनियमांनीं अशा जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारती पाडून बांधणारास वाढीव चटईक्षेत्राचें आमिष दाखविलें: भाडेकरूंस फुकट नवें घर, उरलेलें बांधकाम बिल्डरनें विकावें. चटईक्षेत्र वाढलें म्हणजे इमारत वर जाते, आणि साडेत्रेसष्ट अंशांची रेषा कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. माटुंग्याच्या कित्येक गल्ल्यांत दुमजली घराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला मनोरा आम्ही पाहिला. खालचे तीन-चार मजले मोटारींचे, माणसें त्यांच्यावर.

१९९५ सालीं मुंबईसाठीं वारसा-जतनाचे नियम निघाले. नुसत्या एकेका वास्तूसच नव्हे, तर अख्ख्या परिसरास संरक्षण देण्याची सोय त्यांत आहे. पुढें २०१२ मध्यें शिवाजी पार्कचा परिसर या यादींत घालण्याचें प्रसिद्ध होतांच तेथीलच पुष्कळ रहिवाशांनीं विरोध केला. त्यांस अरसिक म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण उद्वाहनावांचून तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या, पावसाळ्यांत छताखालीं बादल्या मांडणाऱ्या वृद्ध दांपत्यास 'तुमचें घर शहराचें भूषण आहे, तें असेंच ठेवा' हें सांगावयाचें कोणी? जतनाचा नियम करणारानें दुरुस्तीचा पैसाही उभा केला पाहिजे; नुसती मनाई केली तर घरें जपलीं न जातां कोसळतील.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांपुढें स्पष्टच मांडतों. वस्तीचा स्वभाव राखावयाचा म्हणजे काय राखावयाचें? उंची, अंतर, झाडें, कीं माणसांची जात? १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. त्या काळीं परक्या शहरांत ज्ञातीचाच आधार असे, हें आम्ही जाणतों. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या एका झरतुष्ट्री गृहसंस्थेची सभासदत्व ज्ञातीपुरतें राखण्याची उपविधि वैध ठरविली, हेंही खरें. घटत्या संख्येच्या पारशांची चिंता आम्हांस समजते. परंतु आमच्यासारख्यांनीं त्याच शब्दांच्या आड लपून शेजार निवडूं नये, असें आमचें मत आहे. महोगनीची सावली सर्वांवर सारखीच पडते, आणि ऑरसाहेबांच्या रेषेंत राहणाराचें गोत्र कोठेंच येत नाहीं.

तीं घरें पाहण्याची ज्यांस इच्छा असेल त्यांनीं आठवड्यांतील एखाद्या साध्या दिवशीं, उन्हें उतरल्यावर जावें. पांच बागांत मुलांचे खेळ चाललेले असतात, बांकांवर वृद्ध बसलेले असतात. आणि जे तेथेंच राहतात त्यांनीं विकास आराखड्याच्या जाहीर सूचनांवर नजर ठेवावी. कायद्यानें हरकती घेण्यास ठराविक मुदत असते. ती टळल्यावर मंडळें स्थापून सभा भरविण्यांत फारसा अर्थ राहत नाहीं.