हिवाळ्यातल्या गोष्टी

ॲरिझोनातील 'कॅन्यन डी शे' या नावातला 'शे' म्हणजे नावाहो भाषेतील 'त्सेयी' (खडकाच्या आत) या शब्दाचे स्पॅनिश जिभेवर उरलेले रूप. आम्ही पाचही जण मराठीचे अध्यापक. तेव्हा गाडीतला तासभर या व्युत्पत्तीवरच गेला, हे सांगायला नको. घळीच्या तळाशी नावाहो वाटाड्याशिवाय सहसा जाता येत नाही. १९३१ पासून हे राष्ट्रीय स्मारक असले तरी जमीन नावाहोंची आहे, आणि तळाशी त्यांची शेते आहेत. १८६४ साली किट कार्सनच्या मोहिमेत इथल्या पीचच्या बागा तोडल्या गेल्या, माणसांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत नेले गेले. १८६८ च्या तहानंतर ती परतली. वाटाड्या बाईंनी हे सारे आवाज न चढवता सांगितले.

कायोटीच्या गोष्टी मात्र त्यांनी सांगितल्या नाहीत. "त्या हिवाळ्यात," एवढेच म्हणाल्या. जून चालू होता. आमच्यातल्या लोकसाहित्य शिकवणाऱ्या मैत्रिणीने वही मिटली. श्रावणातल्या कहाण्या आपल्याकडेही श्रावणातच वाचायच्या. अभ्यासक्रमात त्या कोणत्याही सत्रात येतात, पाच गुणांच्या टिपेपुरत्या. कायोटीच्या गोष्टींचे छापील संग्रहही बारमाही मिळतात. तो घ्यावा की नाही, यावर चिनली गाव येईपर्यंत आमचे एकमत झाले नाही.