फणसाडला मुक्कामाला जाताना

थंडी पडली की आमच्या पेण-रोह्याच्या मित्रमंडळींना फणसाड आठवते. मुरूड आणि रोहा यांच्यामधले हे डोंगराळ जंगल म्हणजे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. 1986 साली ते अभयारण्य झाले. नशीब असेल तर शेकरू दिसते, उंचावरून समुद्रही दिसतो. यंदा सुपेगावजवळ एक रात्र तंबूत राहायचा बेत आहे. आम्ही सगळे पन्नाशीपुढचे. तिघांना मधुमेह, दोघांना रक्तदाब. तयारीचे काम अर्थातच डॉक्टरकडे!

सगळे विचारतात, चढ झेपेल का? रोज तासभर चालणाऱ्याला तो झेपतो. मला काळजी रात्रीची असते.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाला पहाटे माझ्याकडे आणले होते. तक्रार पोटदुखीची. रात्री अंगणात जमिनीवर झोपला होता. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूण नाही. पण पापण्या उघडत नव्हत्या आणि आवाज बोबडा झाला होता. तो मण्यारीचा दंश होता. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून झोपलेल्याला कळतही नाही. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी प्रतिविषाइतकीच कृत्रिम श्वासाची सोय महत्त्वाची असते. ती वेळेत मिळाली म्हणून तो वाचला.

म्हणून तंबू खालून सलग शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा हवा. बूट आत ठेवायचे, सकाळी झटकून घालायचे, रात्री लघवीला उठताना बॅटरी घ्यायचीच. दंश झालाच तर पट्टी आवळणे, चिरा देणे, मांत्रिक, सगळे बाजूला ठेवा. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून गाडीत घाला. त्यासाठी एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी असावी. मोबाइलला रेंज मिळेल आणि 108 लागेल, हे जंगलात गृहीत धरू नका. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर जवळात जवळ कुठे आहे, याची चौकशी आदल्या दिवशीच फोन करून घ्या.

विंचवाचेही तसेच. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, ओकाऱ्या, गार हातपाय दिसले तर ते हृदयावरचे संकट समजा. यावर प्राझोसिन ही साधी गोळी उपयोगी पडते, हे आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. गोळी मात्र डॉक्टरच्या सल्ल्यानेच.

दिवसाचा शत्रू दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. उजाडताच निघून अकरापर्यंत परतायचे. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. ते पाणी प्राण्यांचे, आपले घरून न्यायचे. शेकोटीचा हट्टही नको, अभयारण्यात आग पेटवायला कायद्यानेच मनाई आहे.

आमचा एक मित्र म्हणतो, "दोन दिवस इन्सुलिन बंद ठेवतो, कटकट नको." बंद अजिबात करायचे नाही. पण खूप चालल्यावर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून त्याचा डोस किती कमी करायचा ते आम्ही दोघे बसून ठरवणार आहोत. इन्सुलिन गाडीत तापत ठेवायचे नाही. उशाशी ग्लुकोज, आणि झोपण्यापूर्वी साखर तपासणी. ग्लुकोमीटर मी घेतोय. भाकरी आणि सुकटीची चटणी कोण आणणार, यावर अजून वाद चालू आहे.